घरगुती व्यवसायासाठी वेबसाइट करायची आहे, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

वहीवेडी

नमस्कार मंडळी. मी घरी हाताने शिवलेल्या वह्या, रोजनिश्या आणि फोटोंचे अल्बम बांधते. आतापर्यंत काम ओळखीतून आणि सोशल मीडियावरच्या पानावरून येत आलं. पण तिथे एखादं जुनं काम दाखवायचं तर गिऱ्हाइकाला खाली खाली सरकत बसावं लागतं. शिवाय कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), आकार कोणता, आतली पानं कोरी मिळतील का, हे तेच तेच प्रश्न रोज येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून स्वतःची वेबसाइट करायचं ठरवलं आहे.

कोडिंग येत नाही. एचटीएमएल समोर आलं तर थोडंफार वाचता येतं. शिकायची तयारी आहे, पण बांधणी बाजूला ठेवून रोज संगणकासमोर बसणं जमणार नाही. विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस, शॉपिफाय, वेबफ्लो, ड्रीमवीव्हर अशी नावं वाचली. प्रत्येकाचे चाहते सांगतात की आमचंच सगळ्यांत सोपं. यातलं काय निवडायचं हे कशावरून ठरवतात?

ऊनसावली

विक्स घ्या. टेम्प्लेट (पानांचा तयार साचा) निवडायचं, फोटो ओढून टाकायचे, मजकूर बदलायचा. अपडेट, सुरक्षा, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) कशाचीच काळजी नाही. मी घरून शिकवण्या घेते, माझं त्यावर छान चाललंय.

रिकामा_रकाना

वहीवेडी, थोडी माहिती हवी. पैसे वेबसाइटवरच घ्यायचे आहेत की फक्त काम दाखवून ऑर्डरची चौकशी घ्यायची आहे? वस्तू तयार ठेवता की ऑर्डर आल्यावर बांधता? आणि महिन्यातून किती वेळा बदल कराल असं वाटतं? याची उत्तरं मिळाली की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतील.

वहीवेडी

बहुतेक काम ऑर्डर आल्यावरच. प्रत्येकाला कापड, आकार, नाव कोरणं वेगळं हवं असतं, त्यामुळे बोलल्याशिवाय किंमत सांगता येत नाही. पंचवीस-तीस प्रकार दाखवायचे आहेत. बदल महिन्यातून एकदा-दोनदा, नवं काम झालं की.

कळफलक

मग शॉपिफाय सध्या बाजूला ठेवा. ते दुकानासाठीच घडलेलं आहे. २००६ साली सुरू झालं तेही त्याच्या संस्थापकांनी स्वतःच्या स्नोबोर्डच्या ऑनलाइन दुकानासाठी जे सॉफ्टवेअर लिहिलं होतं त्यातून. साठा, कार्ट, पाठवणी, कर, सवलत असं सगळं त्यात आहे. तुमच्याकडे साठाच नाही. जे वापरणार नाही त्याचं भाडं दर महिन्याला कशाला भरायचं? उद्या तयार वह्या विकायला लागलात तर तेव्हा बघता येईल.

आता मूळ प्रश्न. सगळे विचारतात की सुरुवात कशात सोपी. माझा आग्रह आहे की आधी उलटं विचारा: यातून बाहेर कसं पडता येतं? आज बांधलेली वेबसाइट काही वर्षांनी दुसरीकडे न्यायची वेळ आली तर हातात काय उरेल?

ही उगीच घातलेली भीती नाही. १९९०च्या दशकात लोकांनी जिओसिटीजवर हौसेने पानं बांधली, ती सेवा ऑक्टोबर २००९मध्ये बंद झाली (जपानमधली तेवढी २०१९पर्यंत चालली). मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज घराघरात होतं, २००३ची आवृत्ती शेवटची. अ‍ॅडोबीचं म्यूज तर तुमच्यासारख्या कोड न लिहिणाऱ्यांसाठीच होतं. २०१८मध्ये त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं आणि २०२०मध्ये सपोर्टही संपला. त्यातून चढवलेली पानं चालत राहिली, पण मूळ फाइल फक्त म्यूजमध्येच उघडते, म्हणजे बदल करायचा मार्गच अडला. अगदी अलीकडचं सांगायचं तर गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर छोट्या व्यावसायिकांना फुकट एक पानी वेबसाइट मिळायची. मार्च २०२४मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. जुना पत्ता उघडणाऱ्याला १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला होता त्यांची कार्डं वाया.

यातली एकही कंपनी लहान नव्हती, हे लक्षात घ्या.

तिसरी_ओळ

कळफलक यांना अनुमोदन. थोडं तपशिलात लिहिते, कारण 'एक्स्पोर्ट आहे' एवढं वाचून लोक निश्चिंत होतात.

विक्सवर बांधलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या होस्टवर ठेवता येत नाही, हे ते स्वतःच त्यांच्या मदत पानावर सांगतात. उत्पादनांची यादी सीएसव्हीमध्ये (तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये) मिळते, पण पानांची रचना तिथेच राहते. स्क्वेअरस्पेस वर्डप्रेसला चालेल अशी एक्सएमएल फाइल देतं, पण तिच्यात सगळं येत नाही. साधी पानं आणि ब्लॉग येतात, दुकानाची पानं येत नाहीत. वेबफ्लो सशुल्क योजनेत कोड उतरवू देतं. पण उतरवलेल्या कोडमधले फॉर्म आणि दुकान चालत नाहीत, ते त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून असतात.

आणि वर्डप्रेसबद्दलही हे सांगायलाच हवं. 'टूल्स'मध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट' दाबलं की एक एक्सएमएल फाइल उतरते. ती एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. पानं, लेख, प्रतिक्रिया, सगळा मजकूर दिसेल. फोटोंच्या जागी मात्र फक्त त्यांचे पत्ते असतात, फोटो नसतात. नव्या जागी ती फाइल आयात करताना वर्डप्रेस त्या पत्त्यांवर जाऊन फोटो खेचून आणतं. तोवर जुनी वेबसाइट बंद केली असेल तर मजकूर येतो आणि फोटोंच्या जागा रिकाम्या राहतात. तुमच्या कामात तर फोटोच सगळं. म्हणून 'अपलोड्स' फोल्डर (यात फोटो असतात) आणि डेटाबेस (यात मजकूर असतो) दोन्हीचा बॅकअप वेगळा घ्यायचा, नुसत्या एक्स्पोर्टवर विसंबायचं नाही.

ऊनसावली

हे सगळं खरं असेल. पण वहीवेडींना वह्या बांधायच्या आहेत, सर्व्हर सांभाळायचा नाही! वर्डप्रेस म्हणजे प्लगइन (जोडलेल्या जादा सोयी) अपडेट करा, थीम (रूपाचा साचा) अपडेट करा, अपडेटनंतर काही बिघडलं तर कुणाला तरी शोधा. माझ्या एका मैत्रिणीने वर्षभर लॉगिनच केलं नव्हतं, तिच्या साइटवर कुणीतरी भलत्याच औषधांच्या जाहिरातींची पानं घुसवली. ती साफ करायला जो माणूस मिळाला त्याने साइटचं पार रूपच पालटलं. विक्ससारख्या वेबसाइट बिल्डरमध्ये हा ताप नसतो. माझ्या शिकवण्यांचं पान दोन तासांत उभं राहिलं आणि त्यानंतर मी फक्त वेळापत्रक बदलते. न्यायची वेळ आलीच तर तेवढा मजकूर मी पुन्हा टाइप करेन.

कळफलक

ऊनसावली, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि तुमच्यासाठी तुमची निवड बरोबर आहे. चार पानांची वेबसाइट पुन्हा बांधणं अवघड नसतं. वहीवेडींकडे पंचवीस-तीस प्रकार, प्रत्येकाचे फोटो, मापं, कागदाची माहिती असं साचत जाणार आहे. जितकं साचत जाईल तितकं हलवणं जड जाणार.

आणि हो, वर्डप्रेसवर देखभाल करावीच लागते. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे त्यातली भोकं शोधणारेही तितकेच. पण बहुतेक घुसखोरी मूळ वर्डप्रेसमधून होत नाही, जुन्या, अपडेट न केलेल्या किंवा सोडून दिलेल्या प्लगइनमधून होते. उपाय कंटाळवाणा असला तरी सोपा आहे: प्लगइन मोजकी ठेवा, आपोआप अपडेट चालू ठेवा, लॉगिनला द्विस्तरीय पडताळणी लावा. प्लगइन घेण्याआधी त्याच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं ते बघा. तीन वर्षांपूर्वीचं असेल तर लाखोंनी वापरलेलं असलं तरी नको.

भिंगरी

मध्येच एक गोंधळ दूर करते, नवीन लोक इथे हमखास अडकतात. वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि वर्डप्रेस डॉट कॉम एक नव्हेत. पहिल्या ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअर मिळतं, ते २००३पासून आहे आणि कुठल्याही होस्टवर बसवता येतं. दुसरी एका कंपनीची सेवा आहे, तिथे होस्टिंग त्यांचं, योजना त्यांच्या, आणि कोणती प्लगइन चालतील ते योजनेवर ठरतं. नावं सारखी म्हणून लोक एकाची माहिती वाचून दुसरं विकत घेतात. तसा वर्डप्रेस डॉट कॉमपासून सुरुवात करून पुढे स्वतःच्या होस्टिंगवर जाणं हा वाईट मार्ग नाही, रस्ता खुला असतो.

रिकामा_रकाना

भिंगरी +१.

सॉफ्टवेअरच्या आधीची एक गोष्ट राहतेय. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. ते कुठल्याही बिल्डरबरोबर 'पहिल्या वर्षी मोफत' मिळतंय म्हणून तिथे घेऊ नका. वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे), स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट बांधून देणाऱ्याच्या नावाने तर अजिबात नाही. नोंदणीत 'रजिस्ट्रंट' म्हणून ज्याचं नाव आहे, डोमेन त्याचं असतं. पैसे कुणी भरले याने फरक पडत नाही. भांडण झालं की पहिला अडतो तो हाच धागा.

डॉट कॉमसारखं डोमेन विकत घेतल्यावर साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. त्यानंतर कुलूप काढून ट्रान्सफर कोड मागायचा, तो द्यायला त्यांना नाही म्हणता येत नाही. आणि नूतनीकरणाचा दर पहिल्या दिवशीच वाचून ठेवा. पहिल्या वर्षाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, दुसऱ्या वर्षाचा बारीक.

डोमेन हातात असेल तर ऊनसावली म्हणतात तसं आज बिल्डर घेतला तरी चालतं. उद्या तोच पत्ता दुसऱ्या घराकडे वळवता येतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही.

कळफलक

अगदी. माझ्या मते डोमेन स्वतःचं असणं हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा मोठं.

सांजवात

सगळे सॉफ्टवेअरवर बोलताहेत, मी 'घरगुती' या शब्दावर येते, कारण घरातून काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा विषय मला फार जवळचा आहे.

तुमचं कार्यालय आणि तुमचं घर एकच आहे. डोमेन नोंदवताना नाव, घरचा पत्ता, फोन द्यावा लागतो. २०१८पासून बरेच रजिस्ट्रार डॉट कॉमसारख्या डोमेनची ही माहिती झाकतात, पण देशांच्या डोमेनचे नियम वेगवेगळे असतात. नोंदणी झाल्यावर स्वतःच 'हूइज'मध्ये (डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या शोधात) शोधून बघा, काय दिसतं ते.

दुसरं फोटोंचं. घरी फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर, अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. फोटोचे 'डिटेल्स' उघडलेत तर नकाशावर टाचणीसुद्धा दिसेल, थेट तुमच्या घरावर. सोशल मीडियावर टाकताना ही माहिती सहसा काढून टाकली जाते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. स्वतःच्या वेबसाइटवर मात्र मूळ फाइल जशीच्या तशी चढू शकते. वर्डप्रेस मोठा फोटो लहान करून दाखवतं, पण मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवतं. म्हणून फोटो चढवण्याआधीच ही माहिती काढा आणि कॅमेऱ्यातलं लोकेशन कायमचं बंद करा. आधीचे फोटो चढवणार असाल तर तेही तपासा. कुणाच्या घरी कोण एकटं असतं, हे अनोळखी माणसाला कळायचं कारण नाही.

गूगलच्या नकाशावर व्यवसाय नोंदवलात तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. तोच पर्याय घ्या.

वहीवेडी

सांजवात, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता फोनमध्ये पाहिलं, तुम्ही म्हणता तशी टाचणी दिसतेय. लगेच लोकेशन बंद केलं. मनापासून आभार.

तिसरी_ओळ

फोटोंचं निघालंच आहे तर वजनाचंही बघा. फोनचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन ते पाच एमबीचा असतो. वेबसाइटवर १६०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. जेपीईजी किंवा वेबपी करून तो दोन-तीनशे केबीत बसतो आणि शिलाईचा दोराही नीट दिसतो. एका पानावर बारा कच्चे फोटो टाकलेत तर मोबाइलवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. गूगलच्या निकषात पानावरचा सगळ्यांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की मोजून मिळतं. सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्या त्या सॉफ्टवेअरवर बांधलेल्या चार वेबसाइट तिथे घालून बघा, कंपनीचे नमुने नकोत, खऱ्या व्यावसायिकांच्या घ्या.

कागदी_होडी

मला एक तिसरा मार्ग सुचवायचा आहे. बदल महिन्यातून एकदा, पैसे ऑनलाइन घ्यायचे नाहीत, तर डेटाबेस हवाच कशाला? स्थिर पानं पुरतील. पब्ली नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते तुमच्या संगणकावर चालतं. त्यात मजकूर लिहायचा, फोटो टाकायचे, बटण दाबलं की साधी एचटीएमएल पानं तयार होऊन सर्व्हरवर जातात. सर्व्हरवर लॉगिनचं पान नाही, प्लगइन नाही, त्यामुळे तिथून फोडायला फारसं काही उरत नाही. ह्यूगो, जेकिल हेही त्याच पठडीतले, पण त्यात कमांड टाइप कराव्या लागतात.

फुकट होस्टिंग घेताना मात्र अटी वाचा. गिटहब पेजेसच्या अटींत ऑनलाइन व्यवसाय चालवण्यासाठी फुकट होस्टिंग म्हणून वापर करायला मनाई आहे. व्हर्सेलची फुकट योजनाही वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरापुरती. साधं सशुल्क होस्टिंग घेतलेलं बरं. चौकशीच्या फॉर्मला वेगळी सेवा जोडावी लागते, एवढीच उणीव.

भिंगरी

कागदी_होडी, मार्ग सुंदर आहे. पण मग सगळं काम एकाच संगणकावर राहतं. तो बंद पडला तर? आणि फोनवरून एखादी ओळ बदलायची तर?

कागदी_होडी

बॅकअप ठेवायलाच हवा, तो सगळीकडेच लागतो. फोनवरून बदल मात्र होत नाही, हे खरं. ज्यांना तो हवा त्यांनी वर्डप्रेसच घ्यावं.

अनुस्वार

उशिरा आलो. वेबसाइट मराठीत असणार असेल तर निवड पक्की करण्याआधी एक चाचणी करा. टेम्प्लेटचे नमुने इंग्रजीत बघून ते आवडतात, आणि देवनागरी भरली की रूप बिघडतं.

ज्या टेम्प्लेटवर मन बसलं आहे त्याच्या शीर्षकात 'र्‍हस्व, दीर्घ, ट्रॅक्टर, कृष्णविवर, नैर्ऋत्य' असं काहीतरी लिहून मोबाइलवर बघा. दोन दोष हटकून दिसतात. एक, ओळींतलं अंतर कमी असल्याने वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. दोन, डिझायनरने शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. रोमनमध्ये ते डौलदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते. हे अंतर शून्य करायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे बघूनच पुढे जा. काही बिल्डरमध्ये ती वरच्या योजनेतच मिळते.

फॉन्ट युनिकोडच हवा. 'मुक्त' (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि वाचायला चांगले आहेत. छपाईसाठी वापरतात त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला भलतीच चिन्हं दिसतात आणि गूगलला तो सापडत नाही. मजकुराचा फोटो करून टाकणं हा तर उपायच नव्हे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतं.

आणि वेबसाइटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी ठेवा. कोडमध्ये त्याचं 'एमआर' होतं, ब्राउझर आणि वाचून दाखवणारी यंत्रं त्यावरून उच्चार ठरवतात.

रिकामा_रकाना

अनुस्वार, ही चाचणी मी कुठेच वाचली नव्हती. टिपून ठेवली.

ऊनसावली

माझं शीर्षक आत्ता मोबाइलवर पाहिलं, शिरोरेषा खरंच तुटलेली दिसतेय. सेटिंग सापडलं, शून्य केलं. छान दिसतंय आता. धन्यवाद अनुस्वार.

वहीवेडी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. असं ठरवतेय, चुकत असेन तर सांगा.

डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे, माझ्या नावाने. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी संगणकावर प्रत्येक प्रकाराचं एक फोल्डर: लहान केलेले फोटो, आणि एका साध्या फाइलमध्ये आकार, कागद, बांधणीचा प्रकार, लागणारे दिवस. म्हणजे कुठेही गेले तरी माल माझ्याकडे राहील. मग सशुल्क होस्टिंगवर वर्डप्रेस, सोबत येणारीच थीम, फॉर्मसाठी एक आणि बॅकअपसाठी एक प्लगइन. दुकान नाही. शीर्षकाची चाचणी आधी.

एक शंका. डोमेनच्या नावाचा ईमेल होस्टिंगबरोबर मिळतोय. तो घ्यावा का? पुढे होस्टिंग बदललं तर ईमेलचं काय होतं?

कळफलक

फोल्डरची कल्पना फार आवडली, तिथूनच सुरुवात करा. थीमबद्दल एवढंच की वेगळं पेज बिल्डर प्लगइन बसवायचा मोह टाळा. त्यातली काही काढून टाकली की पानभर चौकटी कंसांतले शॉर्टकोड (त्या प्लगइनच्या खुणा) उरतात आणि मजकूर त्यातून वेचावा लागतो. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक संपादक २०१८पासून आहे, तुमच्या कामाला तो पुरतो.

रिकामा_रकाना

ईमेल शक्यतो होस्टिंगपासून वेगळा घ्या. एकत्र असला तर होस्टिंग सोडताना सगळा पत्रव्यवहारही हलवावा लागतो, आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी त्यातच असतात.

वेगळा असला तरी एक काळजी घ्या. वेबसाइट दुसरीकडे वळवताना लोक डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलतात. त्याबरोबर ईमेल कुठे जायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीही मागे राहतात आणि पत्रं येणं थांबतं. पाठवणाऱ्याला कधी परत आल्याचा निरोप मिळतो, कधी बऱ्याच उशिरा. म्हणून बदल करण्याआधी डीएनएसच्या (म्हणजे डोमेनच्या) सगळ्या नोंदींचं पान सेव्ह करून त्या फोल्डरमध्ये ठेवा, एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी नव्या जागी आधी भरा, मगच नेमसर्व्हर बदला. नुसती वेबसाइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हातही लावू नका, फक्त वेबसाइटचा सर्व्हर कुठला ते सांगणारी ए नोंद बदलली की पुरे.